ठशाचा खालचा तुकडा

मी, लालासाहेब केरबा बाबर, वय वीस पूर्ण, राहणार आष्टा, तालुका वाळवा, जिल्हा सातारा, सध्या मुक्काम मिरजेच्या दवाखान्यात खिडकीजवळच्या खाटेवर, हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिहितोय. माझं डोकं ठिकाणावर आहे. ताप आहे, पण तो पायाचा आहे, डोक्याचा नाही. मला कुणी धमकावलेलं नाही, फूस लावलेली नाही. उलट घरचे सगळे "लिहू नको, असलं लिहू नये" म्हणून मागे लागलेत. म्हणजे माझ्यावर दाब असेल तर तो न लिहिण्याचा आहे, आणि तो मी मानलेला नाही.

उद्या सकाळी माझा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापणार आहेत. डॉक्टर भले माणूस आहेत. त्यांना विचारलं, भूल दिल्यावर मी परत उठेन ना? ते म्हणाले, "बहुतेक उठाल." त्या 'बहुतेक'साठी हा कागद.

माझं शिक्षण पाचगणीच्या बोर्डिंगात इंग्रजीतून झालं. कायद्याचं मराठी मला येत नाही, घरात बोलतात ते येतं. तेव्हा 'सदरहू', 'उपरिनिर्दिष्ट' वगैरे शोधू नका, आणि चुकलं तर हसू नका. निदान पाय कापेपर्यंत हसू नका.

एक. जमीन आणि ऊस. लहानपणापासून ऐकत आलोय की मळ्यात माझा वाटा आहे. उसाला पाणी पाजायचं असलं, गुऱ्हाळावर जागायचं असलं की वाटा माझा. आता द्यायला निघालो तर वकील सांगतात, वडिलार्जित जमीन एकत्र कुटुंबाची, ती मृत्युपत्रानं देता येत नाही. याचा मी निषेध करतो. करून पुढे जातो. घर आबांचं आहे. आबा म्हणजे माझे वडील, सुभेदार केरबा बाबर, पेन्शनीत आलेले. त्यांच्याबद्दल पुढं येईल.

दोन. माझी सायकल, पोस्टर चिकटवायचा ब्रश आणि खळीचा डबा बिराप्पाला द्यावा. बिराप्पा हा सांगलीच्या कॉलेजातला माझा दोस्त, जतकडचा, घरी मेंढरं. आष्ट्यापासून बागणी, दुधगावपर्यंत भिंतींवर पोस्टरं आम्ही दोघांनीच चिकटवली. खळ मी गव्हाच्या पिठाची शिजवली होती, साजूक, बोर्डिंगात शिकवली तशी. दुसऱ्या दिवशी बघतो तर गावातली शेरडं मागच्या दोन पायांवर उभी राहून पोस्टर खातायत. मी दगड घेऊन धावलो.

बिराप्पा म्हणाला, "मारू नगंस रं गड्या. एवढं मन लावून दुसऱ्या कुनी बगितलंय का तुजं पोष्टर?"

"अरे, वाया गेलं ना सगळं!"

"पिठात मोरचूद घालाय पायजे हुतं, मंग शेरडं तोंड लावत न्हाईत. त्ये तुमच्या पाचगनीला न्हाईत शिकवत व्हय?"

शेरडांचं तोंड जिथवर पोचलं तिथवर कागद गेला. तिथं काय छापलं होतं ते चौथ्या कलमात सांगतो. शेरडांवर माझा आता राग नाही.

तीन. माझी कोरायची हत्यारं: दोन पटाश्या, एक कानस, लाकडी हातोडी. ती थोरल्या भावाला, कृष्णातदादाला द्यावीत. त्याला कोरता येत नाही. पण ज्यासाठी कोरलं ते सगळं त्याचंच आहे.

दादा लढाईत मोटार कंपनीत ड्रायव्हर होता. इटलीतून त्यांना बोटीनं ग्रीसला नेलं. जर्मन निघून गेले होते आणि आता ग्रीकच ग्रीकाला मारत होते. आपली वाळव्याची पोरं तिथं का उभी होती, कुणाच्या भांडणात, हे एकाही साहेबानं त्यांना सांगितलं नाही. मला त्याचा आजही संताप येतो. दादाला येत नाही. तो परत आला, बैल धुतले आणि कामाला लागला. वर्षभरानं एकदा गुऱ्हाळावर काहिलीजवळ बसल्या बसल्या बोलला.

"सालोनिकाच्या बंदरावर पिठाची पोती उतरवत हुतो. येक बाई रोज लॉरीपशी यायची. तिचा येक ल्योक डोंगरात बंडवाल्यांत, दुसरा सरकारी फौजंत. दोगं येकमेकाच्या जिवावर उठल्यालं."

मी विचारलं, "मग ती कुणाच्या बाजूची?"

"ती पिठाच्या बाजूची," दादा म्हणाला. "थाळा घिऊन यायची. म्या वतायचो. सायबानं बगितलं तर बगितलं."

"पुढं काय झालं तिचं?"

"येक दिस आली न्हाई. बर्फ पडल्यालं. परत येताना रस्त्याच्या कडंला दिसली. थाळा तसाच हातात."

ती लढाई अजून चालू आहे. पेपरात येतं, पोरंबाळं उघडी-वाघडी डोंगर उतरतायत. मुंबईत एक समिती त्यांच्यासाठी पांघरुणं गोळा करून बोटीनं पाठवते. मी म्हटलं, आपल्या माणदेशातल्या घोंगड्यासारखं पांघरूण जगात आहे का? आणि पोस्टर करायला घेतलं. आमच्या मोडक्या बैलगाडीच्या साटीची फळी काढली आणि त्यावर ठसा कोरला. वर दोन भाऊ एकमेकांच्या उरावर. खाली, त्यांच्या पायांशी, पडलेली आई, हातात रिकामा थाळा. आणि एवढेच शब्द: 'घोंगडं द्या. तिथं बर्फ पडतंय.' बास. जगात पोस्टर असंच करतात. लांबून दिसलं पाहिजे, जाता जाता कळलं पाहिजे आणि माणसाला घरी जाऊन जेवण गोड लागता कामा नये.

चार. नानासोंना मी काहीही देत नाही. का, ते सांगतो.

नानासो आमच्या गावातल्या होत्या-नव्हत्या सगळ्या कमिट्यांचे अध्यक्ष. आबा म्हणाले, त्यांना विचारल्याशिवाय गावात काही करायचं नाही. विचारायला गेलो तर ते लगेच ग्रीसच्या कमिटीचेही अध्यक्ष झाले. ग्रीस कुठं आहे हे त्यांनी आजवर विचारलेलं नाही. ठसा घेऊन ते स्वतःच सांगलीच्या छापखान्यात गेले. मी मागून सायकलवर पोचलो.

"लालासाहेब, ह्यावर वर 'श्री' न्हाई, खाली नावं न्हाईत," नानासो म्हणाले. "असला कागद लोक मयताचा समजत्यात."

"मयताचाच आहे, नानासो."

"तसं चालत न्हाई. मानसाला कळाय नगं, कोन बोलावतंय? आश्रयदाते कोन? माजा फोटो कुठं बसवायचा?"

छापखान्याच्या मॅनेजरनं फळीवर बोट ठेवलं. "ही खाली बाई पडलीया ती जागा मोकळीच हाय की."

मोकळीच! मी ओरडलो. मी त्यांना दोन्ही भाषांत सांगितलं की ती बाई म्हणजेच पोस्टर आहे. मॅनेजरनं पानाची पिंक टाकली, करवत घेतली आणि मी उभा असताना माझा ठसा आडवा कापला. आई कापून बाजूला फेकली. तिच्या जागी लंबगोलात नानासो, फेटा, मिशा. फोटोखाली 'आपले नम्र', आणि नावं, नावं, नावं, लग्नपत्रिकेत असतात तशी, आत्याच्या दिरापर्यंत. कागद गुलाबी, कारण तो शिल्लक होता. कडेनं गदांची नक्षी, कारण ती आधीच जुळवलेली होती. माझे शब्द गेले, कारण जागा उरली नाही. त्याऐवजी 'ग्रीस देशाच्या मदतीसाठी, शाळेच्या पटांगणात, सर्वांनी यायचे करावे.'

तरी चिकटवलं मीच, घोंगडी मिळतील या आशेनं. शेरडांनी खाल्लं ते हे: फोटो आणि नावं. म्हणून म्हटलं, त्यांच्यावर राग नाही.

पाच. हे कलम देण्याघेण्याचं नाही, पण ते लिहिल्याशिवाय माझ्या पायाचा हिशेब लागत नाही.

गुलाबी कागद, कडेनं गदा, मधे एकमेकांना भिडलेले दोन गडी. आई नाही. आमच्या भागात याचा अर्थ एकच होतो. सभेच्या दिवशी कवठेपिरानपासून बैलगाड्या जोडून लोक आले. हलगी आली. पटके बांधलेले वस्ताद आले, त्यांच्यामागं लांगा कसलेले पठ्ठे आले. पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. नानासो खूश. मला म्हणाले, "बगितलंस? नावाचा परिनाम हाय ह्यो."

मी टेबलावर चढलो आणि ग्रीसबद्दल बोलायला लागलो. पाच मिनिटं लोकांनी ऐकलं. त्यांना वाटलं, पैलवानांची माहिती चाललीय.

मग एकजण उठला. "आवं, भाषान ऱ्हाऊ द्या. गोरं पैलवान कुठं हायती?"

"बोटीनं आल्यात म्हनं!"

"जोड कवा लागायची?"

मी म्हटलं, "बंधूंनो, ही कुस्ती नाही. भाऊ भावाशी लढतोय. यात कुणी जिंकणार नाही!"

"मंग बरुबरीत सोडवा की!" मागून आवाज आला.

आणि पुढं बसलेले एक म्हातारे वस्ताद, तेवढेच गंभीर, मला म्हणाले, "पोरा, सख्खं भाऊ असतील तर पंचानं जोडच लावाय नगं हुती. कोन पंच हाय त्यो?"

सबंध सभेत ग्रीसचं राजकारण कळलेला तो एकच माणूस. मी त्यांना उत्तर द्यायला वळलो, तेवढ्यात लोकांच्या ध्यानात आलं की कुस्ती नाहीच. उन्हातान्हातून आलेली माणसं ती. ढेकळं आली, मग दगड आले. नानासो मागच्या दारानं शाळेत शिरले. एक दगड माझ्या नडगीवर बसला. कातडं फाटलं, मी चिंधी बांधली आणि भिंतींवरची ती गुलाबी पोस्टरं खरवडत हिंडलो. जखम आत सडत गेली, हाडापर्यंत. कुणाचा दगड ते मला माहीत नाही आणि शोधायचंही नाही. दगड मारणाऱ्याला फसवलं कुणी, ते मला माहीत आहे.

उद्या कुणी विचारलं, पोराचा पाय कशानं गेला, तर सांगा, ग्रीसच्या लढाईत. खोटं होणार नाही.

सहा. ठशाचा खालचा तुकडा. हेच खरं मृत्युपत्र. बाकी सगळं नसतं तरी चाललं असतं.

करवतीनं कापलेली ती फळी बिराप्पानं छापखान्याच्या कचऱ्यातून उचलून आणली होती. मी तापानं फणफणलेला. दादानं काजळी आणि जवसाचं तेल कालवलं, फळीला फासलं आणि मिळेल त्याच्यावर दाबलं: साखरेच्या पोत्यांवर, जुन्या पंचांगाच्या पानांवर, घरच्या धोतराच्या तुकड्यावर. भाऊ नाहीत, गदा नाहीत, नानासो नाहीत. फक्त ती पडलेली बाई आणि थाळा. बाजाराच्या दिवशी दोरीवर धुणं वाळत घालतात तसं ते टांगलं आणि शेजारी उभा राहिला. भाषण नाही.

आता मला हे सांगायला हवं की ग्रीक बाई मी कधी पाहिलेली नाही. कोरताना समोर चेहरा होता तो आईचा, मनुबाईचा. चुलीपुढून उठताना कंबर धरते तेव्हाचा. मला वाटलं, कुणाला कळणार नाही.

बाजारात भाजी-माळव्याच्या पाट्या टाकून बायका धावत आल्या. "आगं बया, मनुबाईला काय झालं?" "कवा पडली?" "ह्यो तिचाच थोरला न्हवं का? बोल की रं मुडद्या!"

दादानं मग सांगितलं. ही आमची आई न्हवं, पर असलीच हुती. पिठाला यायची. बर्फात गेली. तेवढंच. बायका घरी गेल्या आणि परत आल्या त्या घोंगडी घेऊन. सुनेच्या बाळंतपणासाठी राखलेली, नवी कोरी, काळी. बिराप्पाच्या गावाकडून मेंढरांबरोबर आणखी आली. आमच्या सोप्यात थप्पी लागलीय, आढ्याला टेकेल आता.

आई मला दवाखान्यात भेटायला आली ती भांडतच. "मला जित्तीपनी मारून बाजारात टांगलंस व्हय रं लाला? माज्या म्हायेरची मानसं रडत आली की दारात!"

"चुकलं, आये. काढायला सांगतो दादाला."

ती खाटेच्या कडेवर बसली. डब्यातली भाकरी काढली, मोडून माझ्या हातात दिली. मग म्हणाली, "काढू नगंस. त्या बाईच्या तोंडाचं चित्तर कुनी काडलं नसंल. माजं तरी हाय."

आता भांडण असं आहे. आबांना बायकोचा चेहरा बाजारात टांगलेला खपत नाही. सुभेदार माणूस, चार लोकांत मान आहे. नानासोंनी त्यांना सांगितलंय, फळी माझ्याकडं द्या, मी तिला चांदीच्या पट्टीत बसवून कमिटीच्या हॉलमध्ये ठेवतो, खाली माझं नाव घालतो. आणि घोंगडी माझ्या गोडाऊनला टाका, प्रत्येकाला माझ्या नावाची चिठ्ठी शिवून, हारतुरे घालून, फोटो काढून, संक्रांतीनंतर सावकाश पाठवू. संक्रांतीनंतर! तिथं बर्फ आत्ता पडतंय. तरीही आबांनी हो म्हटलंय. उद्या मी भुलीत असताना फळी जाणार, घोंगडी जाणार. विचारलं की सगळे सांगतात, पंजाबातले आपलेच लोक उघडे आहेत, ग्रीसची काय घाई? पंजाबसाठी गोळा झालं तेव्हाही ह्यांनी हार घालून फोटोच काढले होते. आगगाडीत बसून निर्वासितांचं ते सामान मीच पोचवून आलोय, मला माहीत आहे.

म्हणून लिहून ठेवतो. ती फळी मी कोरली, मोडक्या साटीची होती, ती कुणाच्या वडिलार्जित मिळकतीत येत नाही. ती माझी आहे आणि मी ती माझ्या आईला, मनुबाई केरबा बाबर हिला देतो. चेहरा तिचा आहे, तेव्हा कुठं टांगायचा आणि कुठं नाही हे तिनं ठरवायचं, नवऱ्यानं नाही, मुलानं नाही, अध्यक्षानं तर नाहीच. तिच्यावर, तिच्या खाली किंवा शेजारी कुणाचंही नाव, फोटो, पदवी येणार नाही. कोपऱ्यात माझी सही कोरलेली आहे, बरीच मोठी कोरलेली आहे. दादा, कानशीनं ती घासून टाक.

घोंगडी दादा आणि बिराप्पानं उद्याच्या उद्या मोटारीत घालून मुंबईला समितीकडं पोचवावीत. माझ्या शुद्धीवर येण्यासाठी थांबू नये. न येण्यासाठी तर मुळीच थांबू नये. जाताना साताऱ्याला, शिरवळला थांबून आईला विचारून चित्र टांगावं, आणखी घोंगडी मिळाली तर मोटारीत जागा होईल तेवढी घ्यावीत.

आबा, तुम्हाला माझं पाचगणीचं घड्याळ ठेवलंय. तुम्ही मला तिथं घातलंत ते मी जगाकडं बघावं म्हणून. मी बघितलं. आता रागावू नका.

सात. मी उठलो नाही तर माझ्या नावाचा दुखवट्याचा कागद नानासोंनी छापू नये. छापलाच तर तो शेरडांच्या तोंडाला येईल इतका खाली चिकटवावा, आणि खळीत मोरचूद घालू नये.

आठ. साक्षीदार. कायद्याला दोन साक्षीदार लागतात. ज्यांना वस्तू दिली त्यांना साक्षीला घेऊ नये असं वकील म्हणाले, म्हणजे दादा, आई, आबा, बिराप्पा गेले. शेजारच्या खाटेवरच्या पोराची आजी राहीबाई अंगठा द्यायला तयार आहे. तिला मी सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "लय शिव्या घातल्यास, पर खरं हाय."

दुसरा कोण, हा विचार चालला होता, तेवढ्यात दुपारच्या गाडीनं नानासोच आले, हार घेऊन. मला म्हणाले, "पोरा, गावाला तुजा अभिमान हाय. काय लिवतोयस?"

मी म्हटलं, "मृत्युपत्र आहे, नानासो. दोन प्रतिष्ठित नावं लागतात खाली. एक कमी आहे."

"मंग मला इचाराय नगं? आन हिकडं."

"वाचून बघा आधी."

"वाचायचं काय त्यात? लेकरा, तुज्यावर इस्वास हाय माजा. कुठं करायची? हितं? जागा लय थोडी ठिवलीस रं."

वकिलांनी सांगितलंय की साक्षीदारानं फक्त सही बघायची आणि सही करायची, आतला मजकूर त्याला ठाऊक असायची गरज नाही. आम्ही एकमेकांसमोर सह्या करतोय. राहीबाई पदर तोंडाला लावून बसलीय. उद्या आबांनी हा कागद खरा की खोटा विचारलं, तर सांगायला गावातला सगळ्यात मोठा माणूस साक्षीला आहे, आणि आबांनी आजवर त्याचा शब्द मोडलेला नाही. आधीचं माझं सगळं बोलणं कायम. पण या एका कागदावर त्यांचं नाव मी पाहिजे तेवढं मोठं करू देतो.

लिहून देणार: लालासाहेब केरबा बाबर

साक्षीदार:

१. श्री. नानासो, अध्यक्ष, शाळा कमिटी, अध्यक्ष, जत्रा कमिटी, अध्यक्ष, पंजाब निर्वासित मदत कमिटी, अध्यक्ष, ग्रीस मदत कमिटी, आष्टा

२. राहीबाई, अंगठा

मुक्काम मिरज, तारीख २७ नोव्हेंबर १९४७